परमुलुखांतील भीड

चैत्र लागला कीं आमच्या अंबाजोगाईंत दोन प्रकारची लगबग सुरू होते. पुण्या-मुंबईकडील व कोंकणांतील अनेक घराणीं आपल्या कुलस्वामिनीच्या, योगेश्वरीच्या, दर्शनासाठीं आमच्या गांवीं येऊं लागतात. आणि आमच्या गांवांतील वडीलधारी मंडळी परदेशीं मुलांकडे जाण्याच्या तयारीला लागतात. बीड शहराला आगगाडी मिळण्यास २०२५ चा सप्टेंबर महिना उजाडावा लागला. परंतु त्याच्या कितीतरी आधींच या जिल्ह्यांतील मुलेंमुली जर्मनीला, इंग्लंडला व अमेरिकेला जाऊन पोंचलीं होतीं. मुलांच्या मागोमाग आईबाप जातात, बाळंतपणाला जातात, नातवंडें पाहावयास जातात, आणि जातांच आहोंत तर चार शहरें पाहूनहि येतात.

गेल्या आठवड्यांत आमच्या आळींतील असेंच एक जोडपें निरोप घ्यावयास आलें होतें. बाईंनीं सामानाची यादी वाचून दाखविली : भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सुनेसाठीं डिंकाचे लाडू, नातवासाठीं दोन दुपटीं, थंडीचे कपडे, औषधें. वाचून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "आणखी कांहीं न्यावयाचें राहिलें का?" मी म्हणालों, "न्यावयाचें सर्व झालें; एक वस्तु मात्र येथेंच ठेवून जा." "कोणती?" "भीड." दोघेंहि हंसलीं. त्यांना ती थट्टा वाटली. परंतु मी थट्टा करीत नव्हतों, आणि तें कां, हें सांगण्यासाठींच या महिन्याचें हें सदर लिहीत आहें.

माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतों, चाळीस वर्षें शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेले. हिशेबाला पक्के, वागण्यांत सरळ, आणि कोणाचें मन मोडावयाचें नाहीं हा त्यांचा लहानपणापासूनचा बाणा. २०२३ च्या मे महिन्यांत ते व वहिनी मुलाकडे गेलीं असतां मुलानें त्यांना चार दिवस पॅरिस दाखविलें. तेथें माँमार्त्र नांवाच्या टेकडीवर सॅक्रे कर हें पांढरेंशुभ्र प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या पायऱ्यांच्या तळाशीं रंगीत दोरे घेतलेले कांहीं लोक उभे असतात. मुलगा तिकिटांच्या कामाला थोडा मागें राहिला होता. त्यांतील एकजण हंसत पुढें आला, "इंडिया? नमस्ते!" असें म्हणाला, आणि त्यानें अण्णांचा हात हातांत घेतला.

आपल्याकडे देवळांत हाताला दोरा बांधतात. तो झिडकारणें हें आपल्याला अमंगळ वाटतें. अण्णांनीं हात मागें घेतला नाहीं. त्या माणसानें बोलतां बोलतां दोऱ्याची वेणी घालून घट्ट गांठ मारली आणि वीस युरो मागितले. अण्णांना तो प्रकार कळला, पण गांठ बसली होती, चारजण भोंवतीं उभे होते, आणि "आतां कसें नाहीं म्हणावें?" या विचारानें त्यांनीं पाकीट काढून पैसे दिले. पाकीट कोणत्या खिशांत जातें हें भोंवतालच्यांनीं पाहून घेतलें. पायऱ्या चढून वर जाईपर्यंत तें पाकीट नाहींसें झालें होतें. त्यांत बँकेचें कार्ड होतें, आधारपत्राची प्रत होती, आणि विसरूं नये म्हणून कार्डाचा गुप्त अंक लिहिलेली चिठ्ठीहि होती.

एवढें झालें तरी मोठें नुकसान अद्याप व्हावयाचेंच होतें. मुलाला आपल्यामुळें त्रास नको, सुनेसमोर शोभा नको, म्हणून अण्णा त्या संध्याकाळीं कांहींच बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनींनीं खोदून विचारलें तेव्हां त्यांनीं सांगितलें. मुलानें तत्काळ कार्ड बंद केलें. पण तोंपर्यंत रात्रभरांत पैसे काढण्याच्या यंत्रांतून तीन वेळां रक्कम काढली गेली होती. दोरा वीस युरोचा, पाकीट फार तर शंभराचें. रात्रभराच्या मौनाची किंमत मात्र अडीच महिन्यांचें निवृत्तिवेतन झाली.

भीड ही भिकेची बहीण असें आपण मुलांना शिकवितों. परंतु चोर या भिडेचा किती पद्धतशीर उपयोग करतो, हें आपण क्वचितच ध्यानांत घेतों. परक्या शहरांतील ठकाला आपल्या खिशांत हात घालण्यापूर्वीं आपल्या मनांत हात घालावा लागतो. आपल्याला थांबविणें, बोलण्यांत गुंतविणें व नकार देणें अवघड करून ठेवणें, हें त्याचें पहिलें काम. तें साधलें कीं पुढचें काम सोपें.

आमच्या मुलुखाला ही विद्या नवी नाहीं. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या राज्यांतल्या व मध्य हिंदुस्थानांतल्या वाटांवर ठगांच्या टोळ्या फिरत. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांचा बंदोबस्त केला; १८३६ सालीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला; आणि निजामाच्या नोकरींत असलेल्या मेडोज टेलरनें १८३९ सालीं ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिली ती इंग्लंडांत गाजली. ठगांच्या टोळींत प्रवाशाला गोड बोलून वळविणारा माणूस वेगळाच नेमलेला असे. तो व्यापारी, शिपाई किंवा यात्रेकरू बनून प्रवाशांना गांठी व म्हणे, "पुढचा रस्ता धोक्याचा आहे, आपण सारे मिळून जाऊं." म्हणजे ठगांच्या भीतीचाच उपयोग ठग करीत! रुमाल गळ्याभोंवतीं पडे तो फार मागाहून. विश्वासाचा फांस त्यापूर्वींच पडलेला असे.

आज त्या टोळ्या नाहींत, पण ती रीत आहे. महाराष्ट्रांतील शहरांत व तालुक्याच्या गांवांत म्हाताऱ्या माणसांना रस्त्यांत गांठून "आम्ही पोलीस आहोंत, पुढें चोरी झाली आहे, अंगावरचे दागिने काढून रुमालांत बांधा" असें सांगणारे तोतये आपल्याला वर्तमानपत्रांतून माहीत आहेत. आजीबाई भीतभीत पाटल्या काढतात, तो माणूस मदत म्हणून पुरचुंडी बांधून देतो, आणि घरीं येऊन सोडली तर आंत खडे! परदेशांतहि हाच प्रकार चालतो, फक्त भाषा बदलते. म्हणून युक्त्यांची नांवें पाठ करण्यापेक्षां कोणती युक्ति आपल्या कोणत्या भिडेवर बेतलेली आहे हें ओळखावें.

पहिली भीड देणाऱ्याची. अण्णांचा दोरा हा तिचाच नमुना. पॅरिसमध्यें नदीकांठीं दुसरा नमुना पाहावयास मिळतो. कोणी तरी तुमच्या पायाजवळून सोन्यासारखी अंगठी उचलतो, "तुमची का?" म्हणून विचारतो, नको म्हटलें तरी हातांत देतो, आणि मग जेवणासाठीं पैसे मागूं लागतो. अंगठी पितळेची असते. फुकट घेतल्याची टोंचणी लागून आपण खिशांत हात घालावा, एवढीच त्याची अपेक्षा. न मागतां मिळालेली वस्तु हातांत घेऊंच नये. हातांत दिलीच तर खालीं ठेवून चालूं लागावें.

दुसरी भीड दयेची. मुक्याबहिऱ्या मुलांसाठीं म्हणून सह्या गोळा करणाऱ्या तरुण मुली कागद पुढें करतात. तुम्ही वाचण्यांत व सही करण्यांत गुंतलांत कीं कागदाच्या आडून दुसरा हात तुमच्या पिशवींत शिरतो. पॅरिसच्या सुप्रसिद्ध लूव्र संग्रहालयांत खिसेकापूंच्या टोळ्यांनीं इतका उच्छाद मांडला होता कीं, १० एप्रिल २०१३ रोजीं तेथील कर्मचाऱ्यांनींच काम बंद केलें आणि संग्रहालय त्या दिवशीं उघडलें नाहीं. दानधर्म अवश्य करावा; परंतु तो आपल्या इच्छेनें, आपल्या माहितीच्या संस्थेला, घरीं बसून करावा.

तिसरी भीड उपकाराची. अंगावर कांहीं तरी पातळ पदार्थ पडतो. लागलीच एक भला माणूस रुमाल घेऊन पुसावयास धांवतो. घाण टाकणारा व पुसणारा हे भागीदार असतात. तिकिटाच्या यंत्रापाशीं आपण गोंधळलों असतां न बोलावतां मदतीला येणारा, सामान डब्यांत चढवून देण्यासाठीं झडप घालणारा, हे त्याच जातीचे. सर्वच मदत करणारे वाईट असतात असें नव्हे. परदेशांतहि सज्जन पुष्कळ आहेत. पण सज्जन आपण विचारल्यावर मदत करतो, आणि नको म्हटलें कीं निघून जातो. ही खूण सहसा फसवीत नाहीं.

चौथी भीड वर्दीची. "आम्ही पोलीस, येथें खोट्या नोटा फिरत आहेत, तुमचें पाकीट तपासावयाचें आहे," असें सांगून एक ओळखपत्र डोळ्यांपुढून झरकन् फिरविलें जातें. मध्यमवर्गीय पापभीरु माणूस पोलिसाचें नांव ऐकतांच गांगरतो. खरा पोलीस भर रस्त्यांत तुमच्या नोटा मोजावयास मागत नाहीं. अशा वेळीं पाकीट बाहेर न काढतां "ठाण्यावर चला, तेथें दाखवितों" एवढेंच म्हणावें व माणसें असलेल्या दुकानाकडे किंवा उपाहारगृहाकडे चालूं लागावें. तोतया तेथपर्यंत येत नाहीं.

पांचवी भीड माहितगाराची. बँकॉकला आपल्याकडील पुष्कळ मंडळी जातात. तेथें राजवाड्याच्या वाटेवर एखादा नीटनेटका गृहस्थ सांगतो, "आज राजवाडा बंद आहे, तोंपर्यंत या रिक्षानें दुसरीं देवळें स्वस्तांत पाहून या." ती रिक्षा रत्नांच्या दुकानाशीं जाऊन थांबते, आणि मोठा लाभ होईल असें सांगून हलके खडे भारी किमतीला गळ्यांत बांधले जातात. राजवाडा बहुधा उघडाच असतो. दार बंद आहे हें दारापाशीं जाऊन स्वतः पाहावें; वाटेवरच्या माणसाच्या शब्दावर बेत बदलूं नये.

याखेरीज निव्वळ चोरीहि आहेच. रोममध्यें तेर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस खिसेकापूंसाठीं कुप्रसिद्ध आहे. बार्सिलोनाचा रांब्ला हा रस्ता तसाच. लंडनमध्यें दुचाकीवरून येऊन हातांतला मोबाईल हिसकावून नेणारे असतात. म्हणून तेथें रस्त्याच्या कडेला उभें राहून नकाशा पाहूं नये, भिंतीकडे सरकून पाहावा. भुयारी आगगाडींत दाराशेजारीं मोबाईल हातांत धरून बसूं नये. दार मिटतां मिटतां तो ओढून चोर बाहेर उडी टाकतो. आणखी एक गंमत पाहा. "खिसेकापूंपासून सावध राहा" ही पाटी वाचतांच माणसाचा हात आपोआप पाकिटाकडे जातो, आणि पाकीट कोठें आहे हें शेजारीं उभ्या असलेल्या खिसेकापूला विनासायास कळतें.

आतां व्यवस्थेच्या गोष्टी. आपल्या आज्या काशीयात्रेला जात तेव्हां सारा पैसा एके ठिकाणीं ठेवीत नसत. थोडा कनवटीला, थोडा कमरेच्या कशांत, थोडा अंथरुणाच्या वळकटींत. मोठी रक्कम तर बरोबर नेतच नसत. सावकाराची हुंडी नेत. शहाजोग हुंडीचा पैसा पेठेंतल्या पतवान माणसालाच मिळे. त्यामुळें ती हुंडी चोराच्या हातीं पडूनहि त्याला फारसा उपयोग नसे. बँकेचें कार्ड हें आजची हुंडीच आहे. त्याचा गुप्त अंक हीच त्याची शहाजोगी. तो अंक चिठ्ठीवर लिहून कार्डाशेजारीं ठेवला, म्हणजे चोराला आपल्याच हातानें पतवान केल्यासारखें झालें.

तेव्हां जातांना एवढें करावें. दिवसाच्या खर्चापुरते पैसे वरच्या लहान बटव्यांत. बाकीचे पैसे व एक कार्ड कपड्यांच्या आंत बांधावयाच्या सपाट पिशवींत. दुसरें कार्ड मुक्कामीं कुलपांत. नवराबायकोनें दोन्ही कार्डें एकाच पाकिटांत ठेवूं नयेत. जेथें पासपोर्ट जवळ बाळगण्याचा नियम आहे तेथें तो आंतल्या पिशवींत असावा, नसेल तेथें मुक्कामीं. त्याची एक प्रत निराळ्या सामानांत व एक घरीं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानंतर कार्डाचा परदेशांतला वापर चालू-बंद करण्याची व त्यावर मर्यादा घालण्याची सोय ग्राहकाच्या हातांत आली आहे. निघण्यापूर्वीं मुलाकडून नव्हे, स्वतः ती शिकून घ्यावी व मर्यादा लहान ठेवावी. कार्ड बंद करण्यासाठीं बँकेचा जो दूरध्वनि असतो तो मोबाईलमध्यें नव्हे, कागदावर लिहून घ्यावा. कारण मोबाईलच चोरीस गेला तर त्यांतला अंक काय कामाचा? बायकांनीं मंगळसूत्र, पाटल्या घरीं ठेवून साधे काळे मणी घालून जावें. सौभाग्य मण्यांत आहे, तोळ्यांत नाहीं, हें सासूनें सुनेला सांगावयाचें तर आज सुनेनें सासूला सांगावें.

या सर्वांहून महत्त्वाची तयारी एक आहे, आणि ती कोणी करीत नाहीं. ती म्हणजे नाहीं म्हणण्याची तालीम. आमच्या आळींतील त्या जोडप्याला मीं दोन संध्याकाळ ओसरीवर बोलावून ती करविली. माझ्या नातवानें दोरेवाला व्हावें, सह्या मागणारी व्हावें, पोलीस व्हावें. आणि त्या दोघांनीं न थांबतां, हात अंगाशीं धरून, हंसून उत्तर न देतां, एकदां "नो" म्हणून चालूं लागावें. पहिल्या दिवशीं बाई थांबल्या व त्याला समजावून सांगूं लागल्या. गृहस्थ "सॉरी" म्हणाले. दुसऱ्या दिवशीं दोघांनाहि जमलें. कारण सांगत बसावयाचें नाहीं. कारण सांगितलें कीं त्याला उत्तर तयार असतें. अनोळखी माणसाला नकार देणें हा उद्धटपणा नव्हे, हें पंचाहत्तर वर्षांच्या संस्कारावर एका दिवसांत ठसत नाहीं. म्हणून तालीम पाहिजे.

इतकें करूनहि चोरी होऊं शकते. ती झाल्यावर पहिला तास मोलाचा. प्रथम कार्ड बंद करावें, मग बाकी सर्व. रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ च्या परिपत्रकांत तत्त्व घालून दिलें होतें तें असें कीं, ग्राहकाच्या निष्काळजीपणानें पैसे गेले असल्यास बँकेला कळविण्याच्या क्षणापर्यंतचा तोटा त्याचा, कळविल्यानंतरचा बँकेचा. मिनिटामिनिटाला किंमत आहे ती यामुळें. चालू नियम काय आहेत तें निघण्यापूर्वीं आपल्या बँकेंत विचारून घ्यावें. नंतर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. विम्याला व नव्या पासपोर्टाला ती लागते. युरोपीय संघांतील सर्व देशांत संकटकाळीं ११२ हा क्रमांक चालतो, आपल्याकडेहि तोच आहे, अमेरिकेंत ९११. पासपोर्टच गेला तर आपल्या वकिलातींत जावें. तेथें मायदेशीं परतण्यापुरतें आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतें. माणूस परदेशांत अडकून पडत नाहीं, हें म्हाताऱ्या माणसांना आधींच सांगून ठेवावें; कारण त्यांची खरी भीति तीच असते.

येथवर लिहिलें तें कोणीहि लिहील. जें मला लिहावयाचें आहे तें आतां.

अण्णा परत आले त्या वर्षीं दिवाळीला सारें कुटुंब जमलें होतें. फराळ चालला असतां पॅरिसची गोष्ट निघाली, आणि मी म्हणालों, "अण्णांनीं पॅरिसला राखी बांधून घेतली, आणि ओवाळणी मात्र तबकासकट घातली!" सारे पोट धरून हंसले. मुलें हंसलीं, सुना तोंडाला पदर लावून हंसल्या. अण्णाहि हंसले. पुढें दोन दिवस तो विनोद घरांत फिरत राहिला. बोलण्याचें कौशल्य दाखविल्याचें मला समाधान वाटलें, हें मी आज कबूल करतों.

२०२४ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं अण्णांना मोबाईलवर कोणाचा तरी निरोप आला कीं, त्यांच्या नांवाचें एक पार्सल परदेशांत पकडलें असून त्यांत निषिद्ध माल व त्यांच्या ओळखपत्राची प्रत सांपडली आहे. अण्णांच्या मनांत लगेच पॅरिसचें पाकीट उभें राहिलें. त्यांतली आधारपत्राची प्रत आठवली. मग पडद्यावर वर्दींतला एक माणूस आला. "तुम्हांला अटक झाली आहे, खोलीबाहेर जावयाचें नाहीं, घरांत कोणाला सांगितलेंत तर तेहि गुन्ह्यांत अडकतील," असें त्यानें बजावलें. अण्णा माडीवरच्या खोलींत दीड दिवस बसून होते. वहिनींना त्यांनीं पोटांत बरें नाहीं असें सांगितलें. त्या दीड दिवसांत मुदतठेव मोडून एक मोठी रक्कम त्यांनीं सांगितलेल्या खात्यांत पाठविली.

दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला त्यांची नात शुभंकरोतीसाठीं आजोबांना बोलावण्यास वर गेली. आजोबा कधीं चुकत नसत म्हणून ती दार ढकलून सरळ आंत शिरली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, हे कोण?" पडदा लगेच काळा झाला. पुतण्यानें १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळविलें, बँकेला कळविलें. कांहीं रक्कम वाटेंतच अडली व अनेक महिन्यांनीं परत मिळाली; बरीचशी गेली ती गेलीच. असल्या 'डिजिटल अटके'ची तरतूद कोणत्याहि कायद्यांत नाहीं, असें खुद्द पंतप्रधानांनीं त्याच वर्षीं २७ ऑक्टोबरच्या आकाशवाणीवरील भाषणांत सांगितलें. पण आमच्या घरापुरता त्याला उशीर झाला होता.

त्या रात्रीं मी अण्णांना विचारलें, "अण्णा, दीड दिवस तुम्ही आम्हांला एका शब्दानें कां बोललां नाहीं? मी तर खालींच होतों." ते बराच वेळ गप्प बसले आणि मग शांतपणें म्हणाले, "पॅरिसचें सांगितलें तेव्हां तुम्ही हंसलांत. म्हणून या वेळीं सांगितलें नाहीं."

वाचकहो, मला यावर उत्तर सुचलें नाहीं. आजहि सुचत नाहीं. परक्याला नाहीं म्हणण्याची भीड अण्णांची होती. परंतु घरच्यांना सांगण्याची भीड आम्हीं निर्माण केली, आणि तिची किंमत पॅरिसच्या चोरांनीं नेलें त्याच्या कितीतरी पट झाली. चोराला एकटा माणूस हवा असतो. भरल्या एकत्र कुटुंबांतहि माणूस एकटा पडूं शकतो. त्यासाठीं एक चांगला विनोद पुरतो.

म्हणून आमच्या घरीं त्यानंतर एक नियम झाला आहे. कोणाचेंहि कांहीं गेलें, मग तें एसटींत चढतांना गळ्यांतलें असो, परळीच्या यात्रेंत खिशांतलें असो कीं परदेशांत कार्डावरचें असो, पहिला प्रश्न विचारावयाचा तो "तुम्हांला कांहीं इजा नाहीं ना?" दुसरा, "कार्ड बंद केलें का?" आणि तिसरा प्रश्न विचारावयाचा नाहीं. "असें कसें झालें?", "तुम्हांला कळलें कसें नाहीं?" हे प्रश्न महिनाभर बंद, विनोद कायमचे बंद. जो सांगेल त्याला आधीं पाणी द्यावयाचें. मुलांनाहि हा नियम लागू आहे, कारण परदेशीं शिकावयास गेलेलीं मुलेंहि आईबापांच्या बोलण्याला भिऊन पुष्कळ गोष्टी लपवितात. वॉशिंग्टनच्या आपल्या वकिलातीला २०१८ सालीं जाहीर सूचना काढावी लागली होती. वकिलातीचा दूरध्वनिक्रमांक दाखवून भामटे तेथील भारतीयांनाच लुबाडूं लागले होते, आणि लुबाडलें जाणाऱ्यांत शिकलेली माणसेंहि असतात.

आमच्या आळींतील तें जोडपें परवां निघालें. त्यांना पोंचविण्यास अण्णाहि आले होते. त्यांनीं त्या गृहस्थांचा हात हातांत घेतला आणि स्वतःच सांगितलें, "पॅरिसला जाल तर हात पाठीशीं बांधून चाला. मी बांधून घेतला तो दोरा महाग पडला." कोणी हंसलें नाहीं. त्या गृहस्थांनीं मान डोलावली, आणि बाईंनीं मुलाचा दूरध्वनिक्रमांक कागदावर लिहून आमच्या वहिनींच्या हातीं ठेवला.